एकशे चव्वेचाळीस पोचे

मुलगी : बाबा, हा पत्रा असा गुळगुळीत कसा झाला?

बाबा : आरसा झालाय की नाही? तोंड बघ त्यात.

मुलगी : मला माझं तोंड बघवत नाहीये. इथे खड्डे होते! एकशे चव्वेचाळीस!

बाबा : मोजले नाहीत, पण होते खरे. कुणीतरी पार वाट लावली होती. काल तू कागदांत डोकं खुपसून बसली होतीस, म्हटलं पोरीचं काम करून टाकू. दुकानात नेला, एकूण एक पोचा काढला. कौतुक करायचं सोडून डोळे काय वटारतेस?

मुलगी : ते मुद्दाम पाडले होते, मशीनवर!

बाबा : मुद्दाम? तांब्याला? आमच्यात अशा माणसाच्या हातातून हातोडी काढून घेतात.

आई : मी म्हणत होते, आधी विचारा तिला.

बाबा : पोचा काढायला कुणी विचारतं का? बेचाळीस वर्षं लोकांच्या भांड्यांचे काढतोय.

मुलगी : आज चार वाजता परीक्षक येणार आहेत. पत्रा खालून तापवायचा, वरून पाणी सोडायचं, आणि खड्ड्यांमुळे पाणी जास्त उष्णता घेऊन जातं हे दाखवायचं.

बाबा : गुळगुळीत असेल तर उलट भराभर जाईल की.

मुलगी : तिथेच तर गाडं अडतं! वरचं पाणी भराभर जातं, पण पत्र्याला चिकटलेला पातळ थर जागचा हलत नाही. गोधडी पांघरल्यासारखा बसतो. वरच्या गार पाण्याला खालची उष्णता भेटतच नाही.

आई : दूध न ढवळता ठेवलं की होतं तसं. खाली करपलेलं, वर कोमट.

मुलगी : आई! हेच मी तीन वर्षं लोकांना समजावतेय!

आई : आणि तुझे खड्डे म्हणजे दूध ढवळायचा डाव.

मुलगी : अगदी! पाणी खड्ड्यात अडखळतं, गिरकी घेतं, खालचं वर येतं, वरचं खाली जातं.

बाबा : अडखळून कधी कुणाचं भलं झालंय का?

आई : तुमचं झालं. मला बघायला आलात तेव्हा उंबऱ्याला अडखळून सपशेल आडवे झालात. मला हसू आवरेना. आमच्या वडिलांना वाटलं, मुलीला पसंत आहे.

बाबा : हा विषय आत्ता कशाला? हे बघ, मशीनवर पुन्हा पाडून घे.

मुलगी : मशीनला पंधरा दिवसांची रांग आहे. बाबा...

बाबा : माझ्याकडे अशी बघू नकोस.

मुलगी : दोन मिलिमीटर खोल. सगळे सारखे.

बाबा : मी पोचे पाडू? माझ्या दुकानात? गिऱ्हाइकांदेखत?

आई : शटर अर्धं ओढून घ्या.

बाबा : सारखे म्हणजे किती सारखे?

मुलगी : केसाचाही फरक नको.

बाबा : हं. वाट लावायचीच आहे तर नीट लावू. ती गोल डोक्याची हातोडी कुठे ठेवलीस गं?

(संध्याकाळी, फोनवर.)

मुलगी : बाबा, जमलं! सपाट पत्र्याच्या दीडपट उष्णता नेली पाण्याने!

बाबा : आणि मशीनचा पत्रा किती नेत होता?

मुलगी : थोडी जास्त. अगदी किंचित.

बाबा : किंचित म्हणजे किती?

मुलगी : बाबा!

बाबा : तिसऱ्या ओळीला एक बाई आत डोकावल्या, म्हणून हात हलला. आण इकडे, दुसरा करून देतो.

मुलगी : अहो, पास झाले मी! पंपाला जोर जास्त लागतो म्हणून जरा कुरकुरले परीक्षक, पण खूश होते. पत्रा कुणी घडवला ते अहवालात लिहायला सांगितलंय. काय लिहू?

बाबा : पोचे पाडणारा म्हणून लिहू नकोस हं. गिऱ्हाईक तुटेल.

मुलगी : मग काय लिहू?

बाबा : मुलीचे वडील, एवढंच लिही. तेवढं काम चारचौघांत सांगण्यासारखं झालंय.