हरकती निरंक

आधी बसा. उभं राहून भांडलं की माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाचं काम इथे कुणी करत नाही — दमला नाहीत? मग तर बसाच. हां. तर तुमचं म्हणणं असं की गावाने पाच महिन्यांपूर्वी अर्ज दिला, आपल्या भाषेत दिला, बेचाळीस सह्या-अंगठ्यांसकट दिला, आणि साधं उत्तर नाही. आणि उद्या अकरा वाजता समिती बसून तुमच्या दवाखान्यातली नर्स उचलणार, दवाखान्याला कुलूप. बरोबर? अहो बाई, तुम्ही शाळेत मुलं शिकवता ना? तुम्हाला एवढं कळू नये? आपल्या भाषेत अर्ज! म्हणे कायदा आहे. आहे की! मला सांगताय? बाहेर पाटी वाचलीत ना, 'भाषा कक्ष' — तो कक्ष म्हणजे मीच. एक टेबल, एक कपाट आणि मी. तीन वर्षांपूर्वी राजधानीत कायदा झाला, की नागरिकाने हव्या त्या भाषेत लिहावं, सरकार त्याच भाषेत उत्तर देईल. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आणि कायदा छापला कुठल्या भाषेत? राजभाषेत! तुमच्या गावात तो वाचता कुणाला आला? तुम्हा एकट्यांना. झालं तर मग.

आणि गंमत ऐका. शेजारच्या खोलीतले साहेब कुठले? आपल्याच खोऱ्यातले. बायकोवर फोनवर ओरडतात ते आपल्याच भाषेत, या भिंतीतून मला शब्दन् शब्द ऐकू येतो. पण त्याच भाषेतला कागद टेबलावर आला की अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात — 'भाषांतर जोडा!' मग मी त्याची राजभाषा करायची, ती वाचून साहेबांनी राजभाषेत उत्तर द्यायचं, ते मी परत आपल्या भाषेत आणायचं. शेजारणीकडे विरजण मागायला राजधानीवरून जायचं, असला कारभार. हसू नका. हसत नाही? मग अशा काय बघताय माझ्याकडे? आल्यापासून बघताय.

मला ही नोकरी कशी लागली, सांगू? मुलाखतीला तिघे जण, तिघांनाही आपल्या भाषेचं अक्षर ठाऊक नाही. म्हणाले, बोलून दाखवा. काय बोलू? लहानपणी गुरं वळताना आमचा काका बैलाला ज्या शिव्या द्यायचा, त्या एका दमात म्हटल्या — आईवरून, बापावरून, सगळ्या. तिघेही माना डोलावत होते! एक तर म्हणाला, काय गोडवा आहे! त्या गोडव्यावर मी तीन वर्षं या खुर्चीत बसलोय. भाषेचा अभिमान, भाषेची सेवा — सगळं या टेबलावरून बघितलंय मी. भाषण करणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात, तेही ठाऊक आहे. मीही त्याच शाळेतला. सहाव्या वर्षी बापाने राजधानीत वसतिगृहात टाकलं. तिथे आपला एक शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी. बाप म्हणायचा, ही भाषा गुरांची, तू माणसांची शीक. शिकलो. माणूस झालो. बघताच आहात.

असो. तुमची नक्कल आणलीत ना? द्या — नको, तुमच्याजवळच असू द्या. तुम्ही वाचा, मी थेट राजभाषेत टंकतो, वेळ वाचेल. माझा चष्मा घरी राहिला. कपाळावर? हा होय — हा लांबचा. अहो, मूळ अर्ज कपाटात आहे, तो शोधत बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून म्हणतो वाचा. का म्हणून काय? मी वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं, हे कोणी ठरवलं? ओळीवर बोट काय ठेवताय, मी काय पहिलीतला पोर आहे? …बोट काढा. काढा हो.

बरं. दार लोटा जरा. नाही येत मला. ऐकलंत? आपलं अक्षर येत नाही. बोलता येतं, ऐकलेलं सगळं कळतं, पण कागदावर ती वळणं दिसली की मुंग्यांची रांग नुसती. कोण शिकवणार होतं? आणि फॉर्मवर 'मातृभाषा' एवढाच रकाना होता, 'वाचता येते का' असं कुणी विचारलंच नाही, तर मी कशाला आपण होऊन सांगू? अडलं नाही काही! एक म्हातारा शिपाई होता, त्याला येत होतं वाचायला. तो दार लावून वाचायचा, मी टंकायचो. देवमाणूस. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाला. तेव्हापासून जे आलं ते कपाटात. हो, सगळं. तुमचं एकटीचं नाही, उगाच स्वतःला विशेष समजू नका. साहेबांनी विचारलं का कधी? या भाषेतून काहीच का येत नाही म्हणून? उलट खूश होते, टेबल स्वच्छ!

आणि गेल्या आठवड्यात दवाखान्याची फाइल आली. शेवटचा रकाना, 'स्थानिकांच्या हरकती'. मी काय लिहायचं? कपाटात असतील, मला वाचता येत नाहीत, असं? लिहिलं — 'निरंक', म्हणजे हरकत एकही नाही. सही केली. फाइल ही इथेच आहे, उद्या समितीपुढे जायची. एक शब्द तर होता. सगळेच लिहितात… असं बघू नका हो. ओरडा हवं तर. ओरडणारी माणसं मला बरी पडतात.

वाचा. घ्या तो स्टूल, इकडे या. वाचा म्हणतो ना! …हां. 'आम्ही खाली अंगठा करणारे' — पुढे. 'नर्सबाई आल्यापासून सात वर्षांत गावात एकही बाळंतीण' — थांबा, आपल्याकडे बाळंतिणीला हा शब्द होय? किती वर्षांनी ऐकला. वाचा, वाचा. 'त्याआधी नदीपर्यंत बाजेवरून' — हं. 'अकरा जणी' — आकडा नीट सांगा, अकरा दगावल्या? सात वर्षांच्या आधीच्या. …हो, टंकतोय. बोटं चालतायत माझी, तुम्ही कशाला थांबलात?

झालं. पान दीड भरलं. आता नावं राहू द्या, बेचाळीस नावं कोण टंकणार, 'आणि इतर' लिहितो. पहिलं तरी घालू? घालू या की. कोण? …पुन्हा सांगा. कुठल्या घरची? वडाखालच्या?

ती माझी आई आहे.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून बघत होतात! अहो, मग आधीच बोलायचं ना! काय बाई तरी तुम्ही. फाइलवर नुसता दवाखान्याचा क्रमांक होता, आणि तुमचं गाव कुठलं ते मी विचारलंच नाही. अकरा वर्षं गेलो नाही मी गावी. फोन करतो — करायचो. तिला ऐकू येत नाही आता, नुसतं हॅलो हॅलो ओरडते आणि ठेवते. मग पत्रं पाठवू लागली, इथल्या पत्त्यावर. शिपाई वाचायचा तीही. हे शेवटचं, या खणात आहे बघा. फोडलेलं नाही. कुणाकडून वाचून घेणार? आईच्या भाषेचा मी सरकारी भाषांतरकार, आणि आईचं पत्र घेऊन दारोदार फिरू? घ्या. फोडा. एवढं एक वाचा माझ्यासाठी.

का? फोडायची गरज नाही म्हणजे?

…तुमचं अक्षर आहे. हो, तिला कुठे लिहिता येतं. तुम्हीच लिहून देता होय. मग सांगा ना, काय म्हणाली होती? तिच्या शब्दांत सांगा, गाळू नका काही.

'अर्ज तुझ्या कचेरीत येतोय.' हं. 'लोक म्हणत होते, चार जणांनी शहरात जाऊन साहेबाला भेटावं. मी म्हटलं, भाडं कशाला खर्चता. माझा मुलगा बसलाय तिथे. आपल्या भाषेतलं सगळं तोच वाचतो.'

म्हणून कुणी आलं नाही. पाच महिने.

पुरे. पुरे म्हणतो ना. ते लाल पेन द्या इकडे. हे बघा, 'निरंक' खोडलं. त्याच्या बाजूला लिहितो — हरकत एक, बेचाळीस जणांची, पाच महिन्यांपूर्वी आलेली, खाली सही करणाऱ्याच्या कपाटात पडून होती. सही. वाचा बरोबर आहे का, हे तुम्हाला वाचता येतं. नोकरीचं माझं मी बघतो, तुम्ही त्यात पडू नका. साहेब उठायच्या आत ही फाइल हातात द्या त्यांच्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. 'भाषांतर जोडा' म्हणाले तर सांगा, जोडलंय.

आणि तिने विचारलंच, पत्र पोचलं का, तर तिला म्हणा — मुलाने वाचलं. काय? मग काय सांगणार दुसरं? उठा, उठा आता, पाच वाजत आले. स्टूल होता तिथे ठेवा. आणि जाताना दार ओढून घ्या.