सहा वर्षांची जखम

लातूरच्या फिजिओथेरपी विभागात मनकर्णाबाई नंबरची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसवंतअप्पा होते, स्लॅबवरून पडून कंबरेखाली लुळे झालेले. सोबत नांदेडला मूळपेशींवर संशोधन करणारी त्यांची लेक शिवानी.

"शिवे, तो जाहिरातीतला दवाखाना मूळपेशींची सुई देतो, ती घ्यावी म्हणून राहिलो. पण सुई दंडात अन् मोडलंय पाठीत. त्या पेशींला वाट कोण दाखवतं?"

"जखमच दाखवती, आप्पा. तिथून रसायनं सुटतात, त्यांच्या मागावर पेशी जातात. बऱ्याच फुप्फुसात अडकतात, थोड्याच पोचतात."

"म्हंजी जखम हाक मारती."

"हाव."

"माझी तर सहा वर्षांची हाय. अजून मारत असंल का?"

शिवानी त्यांच्या पायावरची चादर नीट करू लागली. मनकर्णाबाईंचं नाव पुकारलं गेलं, तरी त्या ऐकत बसून राहिल्या.

"खरं सांग, पोरी," आप्पा म्हणाले.

"लई कमी, आप्पा. आमच्या प्रयोगातल्या उंदरांच्या जखमा ताज्या होत्या. माणसांचं अजून कायच ठरलं न्हाई."

"मग त्या दवाखान्याला न्हाई म्हणून कळव."

"रागावलात?"

"न्हाई गं. उंदीर चालले का?"

"चार उंदरांनी मागचे पाय हलवले."

"मग तुझं संशोधन लवकर कर. आज बी कुणी पडलं असंल. त्याची जखम ताजी हाय."