काळ्या गाळाला हात लावू नका

न्हाय न्हाय, चावी लावू नका अजून, भागोजीदादा—बसा, चहा घ्या पयला. पोकलेन कुठं पळून जातंय? आणि तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे हायत ना, ते आमचे मालक. येडे न्हाईत हो. कालपास्नं एकच धरून बसलेत—गाळ उकराल तर आधी माझ्या अंगावरनं मशीन न्या. मी बायको, गावची सरपंच, मीच काम आणलं, आणि नवराच आडवा! गाव हसतंय. हसू दे.

माझ्या भावाची शिवानी गाळ-पाण्याचंच शिकते कॉलेजात. तिनं नळी घालून तळाचा गाळ काढला—डांबरासारखा काळा, कुजक्या अंड्याचा वास. म्हणाली, आत्या, वरच्या बंद कारखान्यातलं शिसं, कॅडमियम, असलं विष ह्यात मुरलंय. खाली हवा न्हाय, तिथले जंतू त्याला घट्ट बांधून ठेवतात. उकरलंत, हवा लागली, का सुटलं सगळं पाण्यात. मी हसले. जंतू कधी राखण करतात व्हय? मला बाकडी पायजे होती तळ्याकाठी, दिवे, माझ्या नावाची पाटी... व्हय, पाटीपण. लिहून आलीय, घरात हाय.

मग काल तुम्ही तळ्याचा एक कोपरा उकरलात. तुमचा काय दोष, मीच सांगितलं ना! आज सकाळी गेले तर मासे उलटे तरंगतायत. मालक म्हणाले, "मैना, आता तरी गावाला सांग." मी काय केलं? गोळा केले नि केवड्यामागं पुरले. कुणी बघायच्या आत. मग शिवानीला फोन—असंच विचारलं, समजा मासे मेले तर? ती म्हणाली, "मेलेत का आत्या? कशानं ते तपासल्याबिगर न्हाय कळायचं. तोवर तळ्याशेजारच्या विहिरीचं पाणी कुणाला पिऊ देऊ नकोस." आणि नळाला तेच पाणी येतं, दादा, सगळ्या गावाला—

कप का ठेवलात? घ्या हो, चहा बाटलीच्या पाण्याचा हाय. माझ्या लेकानं, केतननं आणलं सकाळीच. आमच्या सुनेला, नेत्राला, सातवा लागलाय ना, म्हणून... तिच्यापुरतं...

असं बघू नका माझ्याकडं. सांगणारच होते मी. संध्याकाळी सभा घेऊन, नीट—

नळाला पाणी आलं वाटतं. समोरची पूनम कळशी भरतेय, लेकरू कडेवर... तुम्ही जा, दादा. मशीन घेऊन जा. जा म्हणते ना!—पूनम! ए पूनम, ओत ते! लेकराला पाजू नको! का म्हणजे?... थांब तिथंच. येते मी. सांगते.