एकशे बारा चेहऱ्यांचा टॉवेल

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, 'अरे रोवन, तेव्हाच बोलायचं होतंस!' तेव्हाच! अहो, तेव्हाच्या तेव्हा बोलता येत असतं तर मी इंग्लंडातल्या ग्रिम्सबीत दिवसभर माशांना धुरी देत बसलो असतो का? मासे बोलत नाहीत, आपल्यालाही बोलायला लावत नाहीत, म्हणून तर ते काम मला जमतं! सोळाव्या वर्षी शाळा सोडली ती याच पायी. हजेरीला 'हजर' म्हणायला तोंड उघडायचं नाही, बाई गैरहजेरी लावायच्या, आणि मी त्यांच्या समोरच्या बाकावर... तुम्हाला सांगतो, अख्खं एक सत्र मी पहिल्या बाकावर बसून गैरहजर होतो!

आता असा माणूस कुणाचं काही वाईट करेल असं वाटतं तुम्हाला? नाही ना? मलाही वाटलं नव्हतं.

सहल आईसाठी होती. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून आई हसायचीच थांबली. म्हणजे रडत बसायची असंही नाही, पण टीव्हीवर कुणी घसरून केकमध्ये पडला तरी हवामानाची बातमी ऐकल्यासारखं 'हं, गमतीचं आहे' म्हणायची आणि विणकाम पुढे चालू. म्हणून मी ही सहल घेतली. तीन दिवस मायोर्का बेटावर हॉटेल, मग तिथल्याच बंदरातून जहाज, सात रात्री समुद्रावर, आणि परत. थोडं बेट, थोडं जहाज. म्हटलं, बेटावर नाही हसली तर जहाजावर हसेल.

पहिल्याच सकाळी अकराला आम्ही हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी. ऊन असं, आणि आरामखुर्च्या किती? साठ! माणसं किती? नऊ! आणि उरलेल्या एक्कावन्न खुर्च्यांवर? टॉवेल! आता हे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे सहाला उठून, झोपेत, चपला फटफटवत खाली यायचं, टॉवेल अंथरायचा आणि परत जाऊन झोपायचं. सुट्टीला आलोय ना आपण! तिथे पाटीही होती, 'अर्ध्या तासाहून जास्त वेळ मोकळ्या खुर्चीवरचा टॉवेल कर्मचारी उचलतील.' कर्मचारी? एक होता, तो पाटीला टेकून उभा होता.

आईचा गुडघा दुखरा. म्हटलं, 'आई, इथे बस.'

'छे छे, कुणाचा तरी टॉवेल आहे रे.'

'पण माणूस कुठाय?'

'येतील. मी उभी आहे ना. छान वाटतंय मला उभं राहायला. विमानात बसून बसून कंटाळलेच होते.'

विमानातून उतरून सोळा तास झाले होते!

मी घड्याळ लावलं. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. आई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, वर हसरा चेहरा, 'किती छान वारा आहे नाही?' आणि मग ती हात धुवायला आत गेली आणि मला काय झालं कुणास ठाऊक... मी तो टॉवेल उचलला. मी! उचलला आणि, तुम्हाला सांगतो, घडी घातली. चोर घडी घालतो का? मी घातली. कडेला कड लावून. उलटा अंथरलेला होता, म्हणून तेव्हाच दिसलं की टॉवेलभर चेहरे आहेत, लहान मुलांनी काढलेले. कुणाला एकच डोळा, कुणाला कान डोक्यावर, सगळे माझ्याकडे बघतायत. टॉवेलावरचा चष्मा आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं मी नीट बारच्या टेबलावर ठेवलं, आणि टॉवेल, मला वाटलं हरवलेल्या वस्तू ठेवायची ती गाडी असेल, त्या गाडीत ठेवला. ती निघाली धोबीखान्याची. मी वळेपर्यंत गाडी गेलीसुद्धा!

आई आली. 'अय्या, रिकामी झाली का रे?'

आणि मी? मी मान डोलावली.

दोन तास ती तिथे पसरली, मग आम्ही जेवायला गेलो, विषय संपला. मला वाटलं विषय संपला!

चौथ्या दिवशी जहाजावर चढलो. जेवणाचं टेबल ठरलेलं असतं, सात रात्री तेच टेबल, तीच माणसं. आमच्या टेबलावर पॉकलिंग्टन नवराबायको, बेव्हर्ली गावचे, आमच्या नदीपलीकडचे. हिलरी पॉकलिंग्टन म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका! त्यांनी नुसतं 'बैस बाळा' म्हटलं तरी माझे हात आपोआप टेबलावर, बोटं जुळलेली. आणि नवरा क्लाइव्ह, तो मिशीतल्या मिशीत बोलतो. सूप आलं, आणि हिलरीबाई आईला म्हणाल्या, 'लॉरेन, तुमचा मायोर्कात वेळ छान गेला असेल. आमचा नाही गेला. आमचा टॉवेल गेला.'

माझा चमचा सुपात बुडाला. आख्खा.

'निवृत्तीच्या दिवशी मुलांनी दिलेला. एकशे बारा मुलांनी स्वतःचा चेहरा काढून तो छापून घेतला होता. हॉटेलभर विचारलं, कुणाला पत्ता नाही. आम्ही जरा गावात गेलो होतो बाजार बघायला...'

'चार तास,' क्लाइव्ह मिशीतून.

'क्लाइव्ह!'

'पहाटे सहाला अंथरून गेलो होतो,' क्लाइव्ह सुपाला म्हणाला.

'क्लाइव्ह, मुद्दा तो नाही! मुद्दा हा की दोनला परत आलो तर आमच्या खुर्चीवर कोण पसरलंय?' आणि बाईंनी भुवईनं पलीकडे दाखवलं. शेजारच्या टेबलावर एक उंच, पिकल्या केसांचा माणूस एकटाच सूप पीत होता. 'तो. ब्रेमेनचा जर्मन.'

बस! जर्मन आणि आरामखुर्ची! सुट्टीत खुर्च्या बळकावतात ते जर्मनच, असं इंग्लंडात पोरंही सांगतील. आमच्याकडे याच्यापुढे साक्षीदार लागत नाही, वकील लागत नाही, खटला निकाली! बिचारा आम्ही जेवायला गेल्यावर रिकामी खुर्ची बघून बसला असणार. आई म्हणाली, 'अगं बाई! लाज नाही वाटत लोकांना!'

'लाज नाही,' हिलरीबाई म्हणाल्या. 'खरं की नाही, रोवन?'

आणि मी? मी मान डोलावली.

मग काय झालं, ऐका. त्या जर्मनाची नक्कल करायला हिलरीबाईंनी डोक्यावर रुमाल पसरला, ताठ बसल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, 'ही खुर्ची मला वारशानं मिळाली आहे.' आणि आई हसली! हसली म्हणजे काय, वाटाणा नाकातून आला! दोन वर्षांनी! तिनं डोळे पुसले, परत हसली, हिलरीबाईंचा दंड धरून हसली. आता सांगा, मी तेव्हा उभं राहून म्हणायचं होतं का, 'थांबा, चोर मी आहे, हसणं बंद करा'? पण तिकडे तो एकटा माणूस ब्रेडला लोणी लावत होता आणि त्याला माहीतही नव्हतं...

रोज रात्री तेच. टॉवेलाची गोष्ट वाढत गेली. मंगळवारी जर्मनानं टॉवेल उचलला होता, बुधवारी फेकला होता, गुरुवारपर्यंत त्यानं त्यावर पाय पुसले होते! जहाजभर ग्रिम्सबी, हल, लीड्सची माणसं, सगळ्यांना कळलं. आणि मग आमच्या लोकांनी त्याला वाळीत टाकलं. आमच्या लोकांचं वाळीत टाकणं तुम्हाला माहितीये, फार भयंकर असतं. लिफ्टमध्ये तो 'सुप्रभात' म्हणाला की हे 'सुप्रभात' म्हणायचे, पण नंतर हवेबद्दल काही बोलायचे नाहीत! चहाच्या रांगेत त्याच्यामागे एक पाऊल जास्त सोडून उभे राहायचे! एका बाईंनी तर त्याला साखरेचं भांडं दिलं आणि हसल्याच नाहीत! मला घाम फुटायचा हो बघून.

आणि सार्डिनियाला कहर झाला. जहाजातून उतरायची ती फळी, खाली पाणी, आईचा गुडघा अडला. मी मागे, पिशव्या घेऊन. पुढे तोच माणूस, लोमायर त्याचं नाव. तो वळला, हात पुढे केला. 'या, सावकाश.' आईनं हात धरला. वरून हिलरीबाई ओरडल्या, 'लॉरेन! पर्स सांभाळ!' आणि आईनं, माझ्या आईनं, जी रस्त्यावरच्या मांजराचीही माफी मागते तिनं, हात झटकला. तो माणूस नुसता हसला आणि बाजूला झाला. आई लंगडत एकटी उतरली. संध्याकाळी मला म्हणाली, 'हात किती उबदार होता रे त्याचा. बाबांचा असायचा तसा. पण काय करणार, माणूसच तसला. नाही का?'

आणि मी? मी मान... काय करणार! डोलावली! पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

रोज ठरवायचो, आज सांगायचं. नेपल्सला ठरवलं, आईनं आणि हिलरीबाईंनी सारख्या टोप्या घेतल्या, एकमेकींच्या डोक्यावर नीट बसवत होत्या, नाही सांगितलं. मार्सेला ठरवलं, दोघी 'हिल' आणि 'लॉरी' म्हणायला लागल्या होत्या, नाही सांगितलं. आई बाबांबद्दल बोलली हो हिलरीबाईंशी! माझ्याशी दोन वर्षांत बोलली नव्हती ते! सांगितलं तर ही मैत्रीण जाणार, आणि नाही सांगितलं तर त्या लोमायरचा आणखी एक दिवस हवेच्या गप्पांविना जाणार.

शेवटची रात्र. सुटाबुटाची. बाबांचा सूट मला खांद्यात सैल. शेजारच्या टेबलावर लोमायर, गळ्याला बो लावून, एकटा. समोर मटण, पुदिन्याची चटणी. हिलरीबाईंनी सुरुवात केली, 'बघा, कसा ऐटीत बसलाय, माझ्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाय पुसून...'

आणि मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. आवाज असा की तीन टेबलं वळली.

'टॉवेल मी काढला.'

'कुठला टॉवेल?' क्लाइव्ह.

हिलरीबाईंनी माझ्याकडे असं मायेनं पाहिलं! 'बघ लॉरी, किती गुणी लेक! त्या माणसाची दया येऊन स्वतःवर घेतोय. बैस बाळा.'

बैस! मी बसणार होतो हो, पाय वाकलेसुद्धा! आयुष्यात एकदा तोंड उघडलं आणि विश्वास ठेवायला कुणी तयार नाही! मी म्हणालो, 'खालची ओळ. डावीकडून तिसरा. त्याला सात केस आहेत आणि कान नाहीत. शेजारच्या मुलीला तीन दात. मी घडी घातली तेव्हा हे दोघं वर आले होते.'

बाईंचा हात थांबला. 'तो ऑर्लंडो स्टब्ज,' त्या हळूच म्हणाल्या. 'त्याला कान काढताच यायचे नाहीत.'

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे माणूस चिडला की ओरडत नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. हिलरीबाई म्हणाल्या, 'असं. पुदिन्याची चटणी देतेस का, लॉरेन?'

लॉरेन! लॉरी नाही! आईनं ते ऐकलं. मी पाहिलं तिनं ऐकलेलं. तिनं चटणी दिली आणि माझ्याकडे वळली. 'माझ्यासाठी केलंस?'

मी... हो, डोलावली.

'मी सांगितलं होतं ना तुला, मला उभं राहायला छान वाटतंय!' आणि मग तिनं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. 'आणि त्या माणसाचा हात झटकला मी.' ती उठली, तडक शेजारच्या टेबलाशी गेली, गुडघा दुखत असताना. मी मागे. माझ्यामागे हिलरीबाई, कारण माफी मागायची असली की त्या रांगेत उभ्या राहणारच. आणि क्लाइव्ह, ताट घेऊन.

मी त्या लोमायरला सगळं सांगितलं. पाणी आलं डोळ्यांत. म्हटलं, आठवडाभर सगळ्यांनी तुम्हाला वाळीत टाकलं ते माझ्यामुळे.

त्यानं चष्मा काढला, पुसला. 'वाळीत? मला?'

'हो. कुणी तुमच्याशी... हवेबद्दलसुद्धा...'

'पण मला वाटलं तुम्ही इंग्रज असेच असता!'

क्लाइव्हनं ताट त्याच्या टेबलावर ठेवलं.

'फार आवडलं मला,' तो म्हणाला. 'बायको गेल्यापासून ब्रेमेनमध्ये जो भेटेल तो विचारतो, कसे आहात, झोप लागते का, जेवता का. इथे सात दिवस कुणी काही विचारलं नाही. मी मुलीला पत्रात लिहिलंसुद्धा, किती समजूतदार लोक आहेत म्हणून.'

बघा! म्हणजे सात दिवस मी जळत होतो, आणि ज्याच्यासाठी जळत होतो तो विश्रांती घेत होता!

आईनं खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसली. 'हवा छान आहे नाही आज?' म्हणाली. आणि हिलरीबाई तिथेच उभ्या, हातात रुमाल, कधी माझ्याकडे, कधी आईकडे. शेवटी म्हणाल्या, 'सरक गं, लॉरी.' आणि बसल्या.

माफ केलं का? तसं तोंडानं नाही केलं. पण दर रविवारी दोघींचा दीड तास फोन चालतो, आई स्वयंपाकघरात एकटी खिदळत असते, मला आत यायला बंदी. आणि पुढच्या मे महिन्यात परत जायचं ठरलंय. तेच बेट, मग जहाज. लोमायरही येतोय, विश्रांतीला. आमची सगळ्यांची मिळून एक सभा झाली फोनवर, आणि हिलरीबाई मला म्हणाल्या, 'रोवन, आपण पाच जण. पाच आरामखुर्च्या लागतील. पावणेसहाला खाली जाऊन टॉवेल टाकायचं काम तुझं. आणि दुसऱ्यांचे असतील तर उचलायचे. क्लाइव्हला ते जमणार नाही, त्याला छाती नाही. तुला आहे.'

बघा आता. दहा वर्षं शाळेत होतो, कुठल्या मुख्याध्यापिकेनं फळा पुसायचं कामसुद्धा विश्वासानं माझ्यावर सोपवलं नाही. आता पहिल्यांदा सोपवलंय... आणि काय, तर हे!