चंद्र दिसेपर्यंत

हॅलो? … यस ऑपरेटर, कलेक्ट कॉल, फ्रॉम प्रतिमा… थँक यू… हॅलो, बाबा? मी बोलतेय, ऑरेगनहून. झोपला होतात का? … नाही ना, वाटलंच मला.

हो, गाडी ठीक आहे. मीही ठीक आहे. आईचं जरा… अहो, ऐका ना आधी. ऍक्सिडेंट वगैरे काही नाही. आज संकष्टी आहे.

संकष्टी हो. चतुर्थी. उपास.

हां. तर ती सोडत नाहीये उपास. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, पाणीसुद्धा नाही. दूध चालतं, फळं चालतात, हे तिनेच मला शिकवलं लहानपणी, पण आज कडक म्हणे… गोळी? घेतली ना. तोच तर घोळ आहे. सवयीने सकाळी डायबेटिसची गोळी घेतली आणि मग आठवलं आज उपास…

हो बाबा, मला कळतं शुगर लो होते म्हणजे काय. तुमच्याच घरात वाढलेय मी… हात थरथरतायत. कपाळावर घाम आहे. बोलतेय नीट. चिडून बोलतेय, पण नीट.

दिला ना ज्यूस. तो घेऊन मघापासून तिच्यासमोर उभी होते, देवापुढे उभं राहावं तशी. तोंड फिरवलं तिने… हॉस्पिटल? अहो, आम्ही डोंगरावर आहोत, जवळचं म्हणजे खाली क्लॅमथ फॉल्स गावात. आणि नेऊ कशी, उचलून? लॉजच्या बाई म्हणाल्या, अँब्युलन्स बोलवू का, तर आई त्यांना हसून नो थँक यू म्हणाली. इथेच बसलीय, फोनसमोरच्या बाकावर. शाल गुंडाळून. मी तुमच्याशी बोलतेय हे माहितीये तिला, म्हणून तिकडे बघतेय.

चंद्र? अहो, तोच दिसायचा नाही इथे. जंगलं पेटलीत सगळीकडे, धूरच धूर. इथलं तळं बघायला एवढं ड्राइव्ह करून आलो, वर कड्यावर, रिमवर जाऊन उभ्या राहिलो, तर खाली तळंसुद्धा दिसलं नाही. नुसतं करडं. पार्कचा रेंजर म्हणाला, वारा फिरला तर उद्या दिसेल, नाही तर परवा…

हो, मी पण तेच म्हटलं, चंद्रोदयाची वेळ झाली की जेव, सगळे तेच करतात. तर म्हणे कॅलेंडरातली वेळ मुंबईची. मग त्या रेंजरला विचारून इथली वेळ आणली. ती पण होत आली. नाही. म्हणते, यावेळी दुसऱ्याच्या सांगण्यावर जेवणार नाही. माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच.

बाबा? … हॅलो? … आहात ना?

तुम्हाला कळलं ना ती काय म्हणाली ते.

नाही, मी आत्ता तो विषय काढत नाहीये. तीच काढतेय. प्रवासभर काढतेय, न बोलता. माउंट सेंट हेलेन्सला गेलो परवा. मैलच्या मैल झाडं आडवी, काड्यापेटी सांडल्यासारखी. मी आपली माहिती सांगतेय, ज्वालामुखी केव्हा फुटला, किती राख उडाली. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, डोंगर फुटला तो जगाला त्याच दिवशी कळला. माझा भाऊ गेला तो मला आठवड्याने… मी गाडीत येऊन बसले.

माहितीये. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, रडू द्यायचं नव्हतं. डॉक्टर म्हणून तुमचं बरोबर असेलही. पण बाबा, जगन्नाथमामासाठीच धरत होती ना ती चतुर्थी? त्याला बरं वाटावं म्हणून? दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेली, स्वतःला काही दिसत नाही, आणि तुम्ही खिडकीत उभे राहून म्हणालात, दिसला चंद्र, जेव आता. ताट वाढून दिलंत. आणि मामा तर त्याच्या आधीच…

बरं. बरं, नाही बोलत.

त्या दिवशी चंद्र तरी खरा होता का? … होता. चला, तेवढं तरी.

आता काय करू ते सांगा ना. ही बेशुद्ध पडली तर मी एकटी आहे इथे… हो, साखर जिभेखाली ठेवायची, माहितीये, पण तोंड उघडायला हवं ना तिने… नाही, तुमच्याशी बोलणार नाही ती. तेव्हापासून महिनाभरात एकदा तरी बोलली का?

एक मिनिट. बाबा, तुमच्याकडे रात्र किती झालीय… म्हणजे तिकडे घरी, वेस्ट विंडसरला, केव्हाच उगवला असेल तो. उठा, बघून या. फोन ठेवू नका, मी धरते.

आई, बाबा चंद्र बघायला गेलेत. तिकडे उगवलाय, आपल्या आधी उगवतो ना… मान काय हलवतेस गं? तुझ्याच घरावरचा चंद्र आहे… बरं, नको बोलूस. शाल घे नीट.

हां, बोला… काय? … पाऊस?

बाबा, मग पाऊस आहे असं सांगू नका. दिसला म्हणा. गराजच्या वर, मेपलच्या मागे, असं काही तरी. मी तिला म्हणते, आई, खिडकी कुठली, झाड कुठलं, सगळं सांगितलं बाबांनी… अहो, का नाही? जिवाशी गाठ आहे तिच्या. एक शेवटचं…

तेव्हा आठवडाभर रोज खोटं बोलायला जमलं, आणि आज मी हातापाया पडतेय तर…

सॉरी. सॉरी बाबा, असं नव्हतं म्हणायचं मला… नाही, चुकलंच माझं. मला काही सुचत नाहीये हो… तुम्ही रडताय का?

ठीक आहे. मग काय सांगू तिला? … तसंच सांगू? पाऊस पडतोय, म्हणून? … बरं. तुम्ही म्हणता तर सांगते. काही उपयोग नाही त्याचा.

आई, बाबा म्हणतात तिकडे पाऊस पडतोय. ढग आहेत, चंद्र दिसत नाही… हो, तेच म्हणाले. मी सांगत होते, दिसला म्हणा, ऐकलं नाही त्यांनी. म्हणाले, तिला आता खोटं सांगायचं नाही, काही झालं तरी… अगं, मी कशाला बनवून सांगू? मला काय मिळणार त्यातून?

काही नाही बाबा. खाली बघतेय… थांबा, काही तरी म्हणतेय. काय गं? … आई विचारतेय, पाऊस कधीपासून आहे? … दुपारपासून, आई.

ती म्हणतेय… हं? … बेसमेंटची खिडकी लावलीत का? … बेसमेंटची हो. वॉशिंग मशीनच्या वरची. मागे तांदळाचं पोतं भिजलं होतं ना… नाही लावली म्हणतात, आई.

बाबा, आधी लावून या, म्हणतेय… हो, तीच म्हणाली. तुम्हालाच. ‘त्यांना सांग’ म्हणाली… अहो खरंच… हॅलो? … बाबा?

गेले. फोन तसाच टाकून गेले गं. जिन्यावर पाय वाजतायत… दिवा तरी लावला असेल ना त्यांनी.

काय हवंय? … ज्यूस? … हो, हो, देते, थांब, झाकण मी काढते, तुझे हात… हळू. एकेक घोट. अजून घे. पिशवीत लाडू आहेत शेंगदाण्याचे, ते पण… आणि चंद्र? … बरं, नाही विचारत.

अगं, मी धरते ना फोन, तू पी आधी… बरं बाई, घे. नाही, अजून वर आले नाहीयेत. धरून ठेव.