बांधाला पुरलेला पाय

मंडळी, तो माईक जरा लांब करा. मला मेंढरांमागं ओरडायची सवय हाय, तुमचं कान बसतील.

मी सिद्धू. म्हसवडकडचा धनगर. सुनंदा डॉक्टर गेल्या म्हनून आपन सगळी आज हितं सांगलीत जमलोय. समोर बाईंचं मालक बसल्यात. त्यांच्याकडं बघून बोलायचं म्हंजी लय अवघड हाय. तरी बोलतो. बाईंनी काय केलं ते ज्याच्या अंगावर केलं त्यानं सांगितलं पायजे.

मेंढरं घिऊन आमी दरसाली कडेगावकडं उसाच्या रानाला उतरतो. अशाच एका साली ट्रकखाली माझा डावा पाय चिरडला. एका दवाखान्यात गुडघ्याच्या वर कापला. त्या डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यास्नी मी नावं ठेवनार न्हाई. कापलेला पाय फडक्यात गुंडाळून घरच्यांकडं दिला. चुलत्यानं तो बांधाला पुरला.

मग दुखाय लागलं. काय दुखाय लागलं? नसलेला पाय! बोटं मुरगाळल्यागत, तळवा पेटल्यागत. नकली पाय घातला की मांडीत अशी कळ उठायची, की काढून फेकायचो. मेंढरांमागं चालता येईना तर धनगरानं करायचं काय? कळप इकायची बोलनी सुरू झाली.

घरात कुनी म्हनलं, सोंग करतोय. चुलता म्हनला, "आरं, माझंच चुकलं. पाय वाकडा पुरला. बोटं दुमडली असत्याल." गेला, उकरला, सरळ केला, परत पुरला. हसू नका मंडळी. म्हाताऱ्याला त्या दिवशी जेवान गेलं न्हाई.

पुढं कुनीतरी बाईंचं नाव सांगितलं. मी त्यास्नी हे समदं सांगितलं. वाटलं, हसतील. बाई हसल्या न्हाईत. इचारलं, "मग थांबलं का दुखायचं?"

म्हनलं, "न्हाई."

"तुमच्या चुलत्यांचं निदान अर्धं बरोबर आहे. काहीतरी नीट पुरलेलं नाही. पण ते बांधाला नाही, तुमच्या मांडीत आहे."

आन बोटानं मांडी दाबत गेल्या. एका जागी मी बोंबललो. "हीच," म्हनल्या.

दुखनं कळवनारी नस कापली तरी मरत न्हाई, मंडळी. ती पुढं वाढाय बघती. पुढं पायच न्हाई, मग जागच्या जागी गाठ करून बसती. बाईंनी ती गाठ काढली, आन नसंचं टोक मांडीतल्याच एका स्नायूच्या बारक्या नसंला जोडलं. तिला काम लावलं. मला हे लगीच पटलं. चुकलेलं मेंढरू ओरडत हिंडतं, दुसऱ्या कळपात घातलं की चराय लागतं.

लगीच बरं झालं का? न्हाई. लय महिनं गेलं. आजबी थंडीत बोटं झिनझिनत्यात, खोटं कशाला बोलू? पन नकली पाय चढला. कळप इकला न्हाई.

बाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून ऱ्हायली. म्हनायच्या, "सिद्धू, तुला दोनदा का कापून घ्यावं लागलं? हे पहिल्याच वेळी करता येतं." तवापासनं पाय कापताना प्रत्येक मोठी नस हुडकायची, तिची सोय लावायची, मगच टाका घालायचा, हा बाईंचा नेम. येळ जातोय म्हनून कुनी कुरकुरलं तर म्हनायच्या, "आपला तास जातो. त्यांचा जन्म जातो."

डॉक्टर मंडळी, तुमी बाईंच्या हाताखाली शिकलाय. उद्या कुनाचा तरी पाय तुमच्या टेबलावर येईल. तो बेशुद्ध असंल. त्याला काय सांगता येनार न्हाई. म्हनून त्याच्या वतीनं मी सांगतो. घाई करू नका. आधी नसंची सोय लावा.

आता बाईंसाठी दोन मिनिटं गप उभं ऱ्हाऊया. आवं, मला खुर्ची नको. धरूबी नका. मी उभा ऱ्हातो.