ओडेसाताईची दुनळी

...अहो, शंभरदा बजावलं होतं मी तिला! तुम्हाला सांगतो, म्हटलं, ओडेसाताई, भावोजी गेले, त्यांची दुनळी बंदूक आहे ना कपाटात, असू दे की, खायला मागते का ती? पण छे! पाद्रीबाबांनी चर्चमध्ये जाहीर केलं, शनिवारी आवारात या, बंदूक जमा करा, किराण्याचं कुपन न्या, कुणी काही विचारणार नाही... झालं! ताईच्या डोळ्यांपुढे नातू उभा राहिला. एकोणीस वर्षांचा, आमच्याच कोपऱ्यावर गोळी लागून गेलेला. "वेंडेल, ज्यानं माझं लेकरू नेलं, ते माझ्या घरात नको." बंदूक बाळगणं हा आमच्या अमेरिकेच्या राज्यघटनेनं दिलेला हक्क म्हणून न्हाव्याच्या दुकानात रोज घसा फोडणारा मी, गाडीची किल्ली उचलली. बंदूक तिची, पण गाडी कुणाची? माझी!

आणि ती रांग! सगळ्या म्हाताऱ्या हो! एकीचं गंजकं पिस्तूल बटाट्याच्या पिशवीत, एकीची हरणं मारायची रायफल चिकटपट्टीनं बांधलेली. मी पोलिसाला विचारलं, "साहेब, कोपऱ्यावर गोळ्या झाडणाऱ्या पोरांची रांग कुठली?" तर म्हणतो, "काका, पुढे सरका." तेवढ्यात नगरसेवक बॉइड आले, ताईच्या खांद्यावर हात, दात बाहेर, फोटो! "मावशी, आजपासून तुमची काळजी आम्हाला!" ताई खूश. वाटेत कुपनाचे पीच घेतले, त्यांची गोड पाय-पेस्ट्री भाजून मला खाऊ घालणार म्हणाली. गाडी कुणाची? माझी.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, मागचं दार फोडून दोघं आत शिरले. त्यांच्याकडे होत्या हो बंदुका! त्यांना कुपन नको होतं ना! ताईनं न्हाणीघरात कडी लावून पोलिसांना फोन केला, तर तिकडून मशीन बोलतंय, "सर्व कर्मचारी व्यग्र आहेत, कृपया प्रतीक्षा करा..." मग तिनं मला केला. "वेंडेल, ये रे." एवढंच. दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावलो, सिग्नल तोडले, पोहोचलो, तर न्हाणीघराच्या दाराला गोळ्यांची भोकं आणि आत ताई रक्तात पडलेली. पोलिस? माझ्यानंतर चाळीस मिनिटांनी! तोवर ताई माझ्या मांडीवर गार झाली होती.

दुनळी असती तर वाचली असती? काय माहीत! हात थरथरायचे तिचे. पण दाराआडून नुसती दाखवली असती तरी... तो जो "तरी" आहे ना, तो झोपू देत नाही मला. कारण गाडी कुणाची?... जाऊ द्या.

परवा तिची टपाल पेटी उघडली. पालिकेचं पत्र! "प्रिय श्रीमती ओडेसा, शस्त्र जमा केल्याबद्दल आभार. आता आपल्याला अधिक सुरक्षित वाटतं का?" खाली चौकटी. फार, थोडं, अजिबात नाही. पेन घेतलं आणि रडलो हो ढसाढसा. मग बॉइडच्या कचेरीत फोन लावला, म्हटलं, बाई गेल्या, हे पत्र कुणी भरायचं? तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "नाही भरलं तरी चालेल, सर. दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्या समाधानी आहेत असं आम्ही धरतो."

समाधानी! म्हटलं, धरा बाई, धरा... आमच्या कबरस्तानात एकाचीही तक्रार यायची नाही.